‘प्रोपोगंडा’ नव्हे हो!

‘प्रोपोगंडा’ला मराठीत ‘अपप्रचार’ म्हटलं तर चालेल का, असं एका वाचकांनी विचारलंय. आधी ते ‘पो’ काढा. लॅटिनमध्ये त्या जागी ‘पा’ आहे, म्हणून फार तर ‘प्रोपगंडा’. रोज रात्री टीव्हीवरच्या भांडणांत ‘पो-पो’ ऐकून कान किटले आहेत.

एकतर्फी प्रचार, दिशाभूल वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. गंमत मुळाशी आहे. हा शब्द निवडणुकीतला नाही, चर्चमधला. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मिशनऱ्यांचा कारभार बघायला रोममध्ये एक खातं काढलं. त्याच्या लांबलचक नावात ‘दे प्रोपागांदा फीदे’ होतं, म्हणजे श्रद्धेच्या प्रसारासाठी. पण त्याच्याही मागे जा. ‘प्रोपागो’ म्हणजे द्राक्षवेलीचं दाबकलम! आपण मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबतो, वर वीट ठेवतो आणि मुळं धरली की आईपासून तोडतो ना, तेच. काही विद्वान इथे ‘पेगन’ (म्हणजे ख्रिस्ती नसलेला, मूर्तिपूजक) हुडकतात. साफ चूक. दोन्ही शब्दांच्या तळाशी ‘रोवणे’ अर्थाचा एकच धातू आहे, इतकंच. चुलत भावाला बाप ठरवू नये.

मुंबईत तर ‘प्रोपगंडा’ हा चक्क एक गट होता. इथले बिशप सुचवण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला, त्याचं नाव ‘पाद्रोआदो’. राजाचे पाद्री ते राजाचीच माणसं, या संशयापोटी कंपनी सरकारने १७२० मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांना हाकललं आणि प्रोपगंडाच्या, म्हणजे रोमच्या त्या खात्याच्या, हाताखालचे कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. धर्म एकच, पोप एकच, तरी तंटा मिटेना. शेवटी १७९४ मध्ये भाऊबंदकीतल्या शेतासारखी मुंबईतली चर्चं दोघांत वाटली गेली. पुढे १९२८ च्या करारात तर ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पाळ्या लावून आर्चबिशप!

हां, ‘अपप्रचार’. त्यात खोटेपणा आला, पण फांदी दाबून धरणारी वीट आली नाही. (ऐकणाऱ्याला वीट येतो, ते निराळं.) मी ‘दाबप्रचार’ म्हणतो. घरचे हसतात. हसू देत.