जगातलं पहिलं तारांगण कुठे सुरू झालं?

घुमटावर तारे उमटवणारं तारांगण म्हणत असाल, तर जर्मनीत. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसाठी झाइस कंपनीच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी ते यंत्र घडवलं. १९२३ मध्ये पहिलं प्रात्यक्षिक झालं, मे १९२५ पासून ते लोकांना कायमचं खुलं झालं.

पण मला खरी ओढ आहे ती नेदरलँड्समधल्या फ्रानेकरची. तिथे लोकर विंचरण्याचा धंदा करणाऱ्या आइसे आइसिंगा यांनी १७७४ ते १७८१ अशी सात वर्षं खपून राहत्या घराच्या छतालाच सूर्यमाला बसवली! वर माळ्यावर लाकडी चाकं, त्यांना दात्यांच्या जागी ठोकलेले लोखंडी खिळे, आणि हा सगळा पसारा एका लंबकाच्या घड्याळावर चालतो. तिथला शनी खऱ्या शनीइतकाच संथ, एका फेरीला २९ वर्षांहून जास्त घेतो. आजही तो फिरतोच आहे.