कुठं अडलंय ते आधी विचार

सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. आठ संघ, दोन तासांची ऑनलाइन भेट, प्रत्येकाला पंधरा मिनिटांचं सादरीकरण. आठ पंधरे वीसाशे, म्हणजे तिथंच वेळ संपला आणि प्रश्नाला एक मिनिटही उरलं नाही. सिंथेटिक बायॉलॉजीच्या (जिवांत हवी ती जनुकं बसवण्याच्या शास्त्राच्या) विद्यार्थी-भेटी नेमक्या इथंच फसतात. तयार प्रकल्प तर आयजेम या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेत विकी फ्रीझनंतर, म्हणजे संघांची संकेतस्थळं गोठवली की, सगळ्यांना वाचायला मिळणारच आहेत. 2004 साली आयजेमची पहिली स्पर्धा झाली तेव्हा पाचच संघ होते. आता तीनशेच्या वर असतात. कोण कुठं अडलंय हे आता आपोआप कळत नाही, मुद्दाम विचारावं लागतं. तुझी भेट त्यासाठीच ठेव.

तारीख जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टची सुरुवात. तोवर डिझाइन ठरलेलं असतं, पहिलं क्लोनिंग (डीएनएचे तुकडे जोडून पेशीत वाढवणं) फसलेलं असतं आणि दुरुस्तीला वेळही असतो. फ्रीझ साधारण ऑक्टोबरमध्ये येतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये मिळालेला सल्ला बहुधा वाया जातो. आषाढीचा आठवडा टाळ. पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जातात, तेव्हा निम्मी मुलं गावी असतात. गणपतीत संध्याकाळी ढोल-लेझीम चालू असताना माइक उघडायची सोय नसते.

वेळ शनिवारी संध्याकाळी साडेसहा. तेव्हा पॅरिसला दुपारचे तीन, बॉस्टनला सकाळचे नऊ आणि चीनमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असतात. निमंत्रणात भारतीय वेळेबरोबर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 13:00 असंही लिही. ऑक्टोबरच्या शेवटी युरोपात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळं एक तास मागं जातात, आपली जात नाहीत. पुढची भेट त्या सुमारास घेतलीस तर हे गणित नव्यानं कर.

आता मुख्य गोष्ट, नोंदणीचा फॉर्म. सगळा कार्यक्रम यावर उभा राहतो, म्हणून याला दोन दिवस दे. चारच रकाने पुरेत: कोणता जीव वापरताय, कोणते पार्ट, म्हणजे डीएनएचे तयार तुकडे (आयजेमच्या नोंदवहीतल्या क्रमांकासह), काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय दिसलं, कोणते कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावले. चौथा रकाना सक्तीचा ठेव. ‘ट्रान्सफॉर्मेशन होत नाही’, म्हणजे पेशी डीएनए आत घेत नाहीत, एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. ‘पीयूसी19 च्या कंट्रोलला भरपूर कॉलनी, आमच्या गिब्सनच्या प्लेटवर शून्य’ (पीयूसी19 हा चाचणीचा तयार प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची गोल कडी; गिब्सन ही डीएनए जोडायची पद्धत) असं लिहिलं की पेशी चांगल्या आहेत आणि अडचण जोडणीत आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तो पुढचा प्रश्न विचारतो: ओव्हरलॅप (तुकड्यांच्या टोकांचे एकसारखे भाग) किती बेसचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, ठेवलेत? वीस ते चाळीस हवेत.

तुमचा स्वतःचा प्रश्नही असाच लिही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतल्या रंगाच्या पाण्यावर तुम्ही काम करताय. पाण्याचा रंग उतरला म्हणजे एन्झाइमनं रंग तोडला असं धरू नका. रंग जिवाणूंच्या भिंतीला चिकटूनही पाणी स्वच्छ दिसतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेल्या पेशींचा (पेलेटचा) रंग बघा आणि उष्णतेनं मारलेल्या पेशींचा कंट्रोल लावा. दुसरी फसगत वाढीच्या मोजमापात होते. रिअॅक्टिव्ह ब्लॅक 5 हा कापडाचा रंग सर्वात जास्त प्रकाश शोषतो तो 600 नॅनोमीटरच्या जवळपासच, आणि पेशींची दाटीही आपण 600 वरच मोजतो. त्यामुळे रंगाचा आकडा पेशींच्या नावावर जमा होतो. पेशी खाली बसवून, पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) धुऊन, मग वाचन घ्या. हेच तुमचं चार मिनिटांचं सादरीकरण होऊ दे. दुसऱ्या संघातल्या कुणीतरी रंगीत माध्यमात मोजलेलं असतं, तो बोलता होईल.

मोजमापाचा आणखी एक मुद्दा निमंत्रणातच घाल. प्रत्येक संघ पेशींची चमक ‘आर्बिट्ररी युनिट’मध्ये, म्हणजे ज्याच्या त्याच्या मशीनच्या आकड्यात, सांगतो, एकाच्या मशीनवर 4,000 तर दुसऱ्याच्या मशीनवर 40,000, आणि तुलना अशक्य होते. ज्यांचा रिपोर्टर (जनुक चालू झाल्याची खूण) जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, आहे त्यांनी भेटीआधी फ्लुओरेसीन या चमकत्या रंगद्रव्याची कॅलिब्रेशन रेषा काढून आणावी: पीबीएसमध्ये 10 मायक्रोमोलरपासून सुरुवात, दर वेळी निम्मं, प्लेटच्या अकरा विहिरी (खळगे), बारावीत नुसतं पीबीएस, प्रत्येकीत 100 मायक्रोलिटर, चार ओळी. मशीनचा गेन (संवेदनशीलता) आणि फिल्टर नमुन्यांसाठी ठेवणार तेच. गेन बदलला की ती रेषा निरुपयोगी होते. एवढं केलं की आठ संघांचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडता येतात, आणि माझ्या मते अख्ख्या भेटीतली सर्वात टिकाऊ गोष्ट हा तक्ता असेल.

वेळापत्रक: दहा मिनिटं ओळख, आठ संघांना प्रत्येकी चार मिनिटं अधिक एक मिनिट अदलाबदलीला, म्हणजे चाळीस. मग पाच मिनिटं विश्रांती, पंचेचाळीस मिनिटं छोट्या ऑनलाइन खोल्या (ब्रेकआउट रूम), शेवटची वीस मिनिटं परत एकत्र. खोल्या फॉर्मवरून विषयानुसार पाड: क्लोनिंग, मोजमाप, मॉडेलिंग. एका संघातली मुलं वेगवेगळ्या खोल्यांत जाऊ देत. खोलीत आठापेक्षा जास्त माणसं झाली की दोघंच बोलतात. प्रत्येक खोलीला एक बोलतं करणारा आणि एक लिहिणारा आधीच नेम, आणि हे दोघं वेगळे असू देत.

झूमच्या फुकट खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत तुटते, म्हणून कॉलेजचं खातं मागून घे. खोल्या ईमेलवरून आधी वाटल्या तर दुसऱ्या ईमेलनं आलेली मुलं बाहेरच राहतात. त्यापेक्षा प्रत्येकानं नावाआधी खोलीचा क्रमांक लावून यावं, सहयजमान हातानं आत ढकलेल. चीनमध्ये गुगलच्या फाइल्स उघडत नाहीत, म्हणून तिथल्या संघांना फॉर्म आणि टिपणं ईमेलला जोडून पाठव. सगळ्यांच्या स्लाइड्स पीडीएफमध्ये दोन दिवस आधी घे आणि एकाच संगणकावरून दाखव, स्क्रीन देण्याघेण्यात मिनिटं जातात. राउटर इन्व्हर्टरवर ठेव. दुसरा सहयजमान वेगळ्या घरून, वेगळ्या कंपनीच्या नेटवर असू दे. पावसात तुमच्या भागातली वीज गेली तरी बैठक चालू राहते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच मोठ्यानं सांग. रेकॉर्डिंग फक्त चार मिनिटांच्या सादरीकरणांचं होईल, खोल्यांचं नाही. नाहीतर फसलेल्या प्रयोगाबद्दल कुणी तोंड उघडणार नाही. आणि पेटंटचा विचार असलेल्यांनी इथं काय बोलायचं ते गाईडला विचारून ठरवलेलं असावं, कारण जाहीर सांगितलं की नावीन्य जातं. चॅटमध्ये ‘तुमचा प्लाझ्मिड पाठवाल का’ असं कुणी विचारलं तर तिथं होकार देऊ नका. जनुक-सुधारित नमुन्यांना 1989 चे नियम लागू होतात. परदेशातून मागवायचं तर आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. ते मार्गदर्शकांनी ठरवायचं.

टिपणं तीन दिवसांत पाठव. प्रत्येक संघासमोर एकच ओळ: कोणता प्रयोग करून बघणार, कोणी सुचवला. तीन आठवड्यांनी त्याच यादीवर एक ईमेल टाक आणि कंट्रोलसकट निकाल मागव. एखाद्यानं उत्तर दिलं नाही तर त्या संघाला फोन कर. बहुधा तो तिथंच अडलेला असतो.

कळावे,
सोलापूरहून आशीर्वादासह