रोपांना नावाच्या पट्ट्या लावायला स्वस्त आणि पुन्हा वापरता येईल असं काय आहे?

श्रीखंडाचा रिकामा डबा आणि साधी शिसपेन्सिल. विकतच्या पट्ट्या लागतच नाहीत.

डब्याच्या अर्धा इंच रुंद, चार इंच लांब पट्ट्या कापा, एक टोक निमुळतं करा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल उठत नाही, म्हणून आधी पॉलिश पेपरने जरा खरवडा. पेन्सिलच का? मार्करची शाई 'पर्मनंट' म्हणत असले तरी गच्चीवरच्या उन्हात उडते; ग्रॅफाइट उडत नाही. मी मार्करवर विसंबलो आणि दोन महिन्यांत पट्ट्या कोऱ्या! मिरची कुठली नि ढोबळी कुठली, हे फळ धरल्यावरच कळलं. त्यांची रोपं लहानपणी अगदी सारखी दिसतात हो. मार्करनेच लिहायचं असेल तर मातीत जाणाऱ्या टोकावरही नाव लिहा, तिथे ऊन पोचत नाही.

हंगाम संपला की ओल्या घासणीने पेन्सिल पुसा, पट्टी पुन्हा तयार.

आइस्क्रीमच्या काड्या ट्रेमधल्या रोपांपुरत्या ठीक, पावसाळ्यात कुजतात.

कढीपत्ता, जास्वंद अशा कायमच्या झाडांना कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी लावा. कात्रीने कापा (कडा धारदार असतात, दुमडून घ्या), वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा. अक्षरं पत्र्यात उमटतात, पावसाने जात नाहीत. भोक पाडून तारेने फांदीला बांधा, पण सैल; फांदी जाड झाली की तार रुतते.

नावाखाली पेरणीची तारीखही टाका.