तांबूस पाणी आणि संपूर्ण घराचा फिल्टर

प्रश्न : आमचे घर कुडाळ तालुक्यात आहे. अंगणातील विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरेनासे झाल्याने बोअर मारली. तेव्हापासून न्हाणीघराच्या फरशीवर तांबूस डाग पडतात आणि पांढरे कपडे पिवळट होतात. एका विक्रेत्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणारे मीटर पाण्यात बुडवून ७० आकडा दाखवला, पाणी उत्तम असल्याचे सांगितले आणि तरीही संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर सुचवला. तो बसवावा का?

उत्तर : बसवू नये. सॉफ्टनर जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेल्या, पाण्यासाठी असतो आणि ज्या पाण्याचा टीडीएस ७० आहे ते जड असूच शकत नाही. शिवाय लोहयुक्त पाण्यात त्याचे रेझिन (क्षार शोषणारे बारीक मणी) हळूहळू लोहाने माखून निकामी होते. सोलापूरकडील एखाद्या जड पाण्याच्या बोअरसाठी हाच सल्ला कदाचित योग्य ठरला असता; जांभ्यातील, म्हणजे कोकणातील लाल दगडातील, पाण्याचे दुखणे बहुधा वेगळे असते. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे लोहाची आहेत. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असले, तरी कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात; एवढ्याशा प्रमाणाचा टीडीएस मीटरला पत्ताही लागत नाही.

मात्र लोह येते कोठून, हे आधी पाहावे. पंप थोडा वेळ चालू ठेवून बोअरच्या तोंडाशी एक पारदर्शक बाटली भरावी, दुसरी घरातील नळावर भरावी आणि दोन्ही रात्रभर ठेवाव्यात. बोअरची बाटली भरताना नितळ असून सकाळी तांबूस झाली, तर लोह पाण्यात विरघळलेले आहे आणि हवा लागल्यावर त्याचा गंज होतो. ती नितळच राहिली आणि नळाची मात्र तांबूस निघाली, तर दोष बहुधा जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांचा आहे. तेव्हा फिल्टरवर खर्च न करता पाइप बदलावेत. यानंतर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून लोह, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे), जडपणा, नायट्रेट आणि जिवाणू यांची तपासणी करून घ्यावी. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

सामूकडे विशेष लक्ष द्यावे. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे भारतीय मानक आहे, परंतु जांभ्यातील पाणी अनेकदा त्याहून आम्लधर्मी असते, आणि अशा पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण इतके मंदावते की लोहाचा चांगला फिल्टरही नीट काम करत नाही. म्हणून बोअरचे पाणी प्रथम जमिनीलगतच्या टाकीत फवाऱ्याने सोडावे, म्हणजे त्यात हवा मिसळते, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि सामू थोडा वाढतो. तेवढ्याने भागले नाही, तर चुनखडीच्या दाण्यांचा थर असलेली टाकी जोडावी. हे दाणे झिजतात, म्हणून त्यांची अधूनमधून भर घालावी लागते.

आता लोहाच्या फिल्टरच्या जागेविषयी. परदेशी माहितीपत्रकांत फिल्टर घरात शिरणाऱ्या मुख्य पाइपवर दाखवलेला असतो, कारण तेथील नळांना पंपाचा दाब असतो. आपल्याकडे गच्चीवरील टाकी नळाच्या तीन मीटर वर असली, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो आणि त्यावर असा फिल्टर चालत नाही. तो जमिनीलगतची टाकी आणि गच्चीवरील टाकी यांच्यामध्ये, पाणी वर चढवणाऱ्या दुसऱ्या पंपाच्या पुढे बसवावा. आकार त्या पंपाच्या प्रवाहावरून ठरतो. समजा, हजार लिटरची टाकी वीस मिनिटांत भरते, म्हणजे तासाला ३,००० लिटर. लोह गाळताना पाण्याचा वेग तासाला साधारण १२ मीटर धरला, तर सुमारे २२ इंच व्यासाची फिल्टरची टाकी लागेल. १३ इंचांच्या टाकीतून हेच पाणी जवळजवळ तिप्पट वेगाने जाईल आणि लोह पुढे निसटेल. मोठी टाकी परवडत नसेल, तर पंप लहान घ्यावा.

बॅकवॉशसाठी, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुण्यासाठी, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (प्रवाहाची दिशा बदलणारी झडप), दुरुस्तीच्या वेळी पाणी वळवण्यासाठी बायपास आणि दोन्ही बाजूंना दाबमापक हवेत. बॅकवॉशचे लाल पाणी माडांच्या आळ्यात सोडता येते. ते सेप्टिक टँकमध्ये किंवा विहिरीजवळ सोडू नये. फिल्टरची एफआरपीची (फायबरग्लासची) टाकी उन्हात ठेवू नये.

प्रश्न : हा फिल्टर बसवल्यावर स्वयंपाकघरातील आरओ काढून टाकता येईल का?

उत्तर : तपासणीत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत असेल, तर एवढ्या कमी टीडीएसच्या पाण्याला आरओची गरज नाही. तथापि लोहाचा फिल्टर जिवाणू मारत नाही. पाणी गाळून नितळ झाल्यावर पिण्याच्या नळाला यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरेसा आहे. नितळ नसेल, तर त्याचे किरण जिवाणूंपर्यंत पोहोचत नाहीत. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकताना हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम हे प्रमाण धरावे, पावडर ताजी असावी, आणि पाणी तासाभराने वापरावे.