वर्कशॉपमध्ये उरलेले लोखंडाचे तुकडे ठेवावेत की भंगारात द्यावेत?

ग्रिल आणि रॅक बनवून उरलेले अँगल, पट्ट्या, पाइपांचे कटपीस कोपऱ्यात साठलेत, त्यांचं काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळ राहतो आणि घरीच छोटंमोठं वेल्डिंग करतो. माझं मत असं, की जो तुकडा कोणत्या धातूचा आहे हे कळलं, तोच ठेवावा.

ओळखायचं कसं? आधी चुंबक लावा. 304 प्रकारच्या स्टेनलेसला ते सहसा चिकटत नाही, पण 430 प्रकारच्या स्टेनलेसला चिकटतं, म्हणून फक्त चुंबकावर भरवसा ठेवू नका. मग ग्राइंडरवर हलकेच टेकवा. एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे आपलं नेहमीचं लोखंड) ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर निघतात. गाडीच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात, कारण त्यात कार्बन जास्त. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आखूड आणि लालसर. ॲल्युमिनियम मात्र त्या चाकावर लावूच नका, चाक भरून बसतं. ओळख पटली की ऑइल पेंटने लगेच खूण करायची.

जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या पाइपाबद्दल मी कळकळीने सांगतो. जस्त 907 अंशांना उकळतं आणि वेल्डिंगचा आर्क त्याहून कितीतरी तापतो. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा लेप मास्क लावून आधी घासून काढा आणि वेल्डिंग उघड्यावरच करा. पेट्रोलची टाकी, शॉक ॲब्सॉर्बर, बंद सिलिंडर यांना तर हातच लावू नका.

आता उपयोग. अँगलचे बोटभर तुकडे कोपऱ्याला गसेट, म्हणजे बळकटी देणारा आधार म्हणून बसतात, जाड प्लेट भिंतीवरच्या ब्रॅकेटला बेस होते, अगदीच फालतू तुकड्यांवर नव्या वेल्डिंग रॉडचा करंट जुळवून बघायचा. सगळ्यात मोलाचा तो पाटा, त्याची उत्तम पटाशी होते. आकार देऊन धार थोडी जाड ठेवा. टोक लाल तापवा, चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं, आणि लगेच तेलात. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून झाकणाचा लोखंडी डबाच हवा. या अवस्थेत पातं काचेसारखं तडकतं. ते घासून चकचकीत करा, मागच्या बाजूने हळूहळू तापवा आणि धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला की थांबा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तुकडे जमिनीवर ठेवू नका, स्टँडवर उभे ठेवा. तेलाचा हात फिरवा किंवा रेड ऑक्साइड प्रायमर मारा.

भंगारात देताना पितळ, तांबं, ॲल्युमिनियम वेगळं काढा, त्यांचा भाव लोखंडापेक्षा बराच जास्त असतो. सळईचं वजन घरीच काढता येतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो. 12 मिमीची सळई मीटरला साधारण 0.89 किलो भरते.