मुदत ठेव मोडण्याआधी जुना रिपोर्ट काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, मधुमेह नाही, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. आता एक लॅब 'लिव्हर बायोमार्कर'चं, म्हणजे यकृताची स्थिती सांगणाऱ्या रक्तातल्या खुणा तपासण्याचं, तीन वर्षांचं पॅकेज देऊ करतेय. दर तिमाहीला तपासणी, पैसे आधीच एकरकमी. त्यासाठी मुदत ठेव मोडू का?

नको.

तुमच्या रिपोर्टवर एसजीपीटी (यकृतातलं एक एन्झाइम) ५८ समोर 'जास्त' दाखवणारा बाण आहे आणि तुमची झोप त्यानेच उडवलीय. कामाचा आकडा मात्र पुढच्या पानावर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत आहे: प्लेटलेट्स २ लाख १० हजार. यकृतावरच्या व्रणांचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा एक हिशेब असतो, त्याला वेगळी तपासणी लागत नाही. वय गुणिले एसजीओटी (रिपोर्टवरचं दुसरं एन्झाइम, तुमचं ४२), म्हणजे ४६ गुणिले ४२, झाले १९३२. भागायचं कशाने? प्लेटलेट्सचे हजार गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ: २१० गुणिले ७.६, साधारण १६००. उत्तर १.२.

हा आकडा १.३ च्या खाली असला तर यकृतावर गंभीर व्रण, म्हणजे पुढे गेलेला फायब्रोसिस, असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर यकृततज्ज्ञ गाठायचे. मधे अडकला तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) किंवा व्रणांचा अंदाज देणारी ईएलएफ ही रक्ततपासणी. तिथे केलेला खर्च मी कधीच वाया गेला म्हणणार नाही. (पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात.) तुम्ही सीमेच्या जवळ आहात, म्हणून आकडा डॉक्टरांना दाखवाच. चरबी नाही असं तो सांगत नाही, फक्त व्रणांबद्दल बोलतो.

आता पॅकेज. फायब्रोसिस वर्षानुवर्षं सरकतो, तिमाहीत नाही. तुमच्यासारख्यांनी फिब-४ दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढला तरी सहसा पुरतं. मधुमेह किंवा बीपी-कोलेस्टेरॉलची जोडी असेल तर वर्ष-दोन वर्षांनी. म्हणजे बारा तपासण्यांचे पैसे भरून गरज एखाद-दोनचीच. वर मुदतीआधी मोडल्याचा दंड, आणि लॅबने मधेच गाशा गुंडाळला तर उरलेले पैसे कोणाकडे मागणार? खर्च करायचाच तर वजनावर करा. सात ते दहा टक्के वजन उतरलं की चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात.

आरोग्य विमा वाढवणार असाल तर अर्जात फॅटी लिव्हर लिहा. सोनोग्राफीचा कागद हातात असताना 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही, आणि दावा तिथेच अडकतो.