पाणी ओतण्याआधी एक नजर

आरोग्य प्रश्नोत्तरे

उन्हाळा लागला की या सदराकडे मूळव्याधीची पत्रं वाढतात. सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे गेला की अंगातलं पाणी घामावाटे जातं, शौचाला खडा होतो आणि दबून असलेलं दुखणं वर येतं. बहुतेक पत्रांत ‘नाव छापू नका’ एवढं ठळक लिहिलेलं असतं. नावं छापत नाही. प्रश्न मात्र छापतो, कारण तेच प्रश्न मनात दाबून बसलेले अजून कितीतरी जण आहेत.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो, वय ३६. दोन महिन्यांत तीन-चार वेळा संडासला गेल्यावर लालभडक रक्त थेंब थेंब पडलं. दुखत अजिबात नाही. मग पंधरा दिवस काही नसतं. उष्णतेचं असेल म्हणून ताक पितोय. दाखवू का थांबू? (अक्कलकोट रोड)

दाखवा. दुखत नाही म्हणूनच माणूस यात फसतो.

गुदद्वाराच्या थोडं आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला असतात आणि वायू, पातळ मल अडवून धरायला उपयोगी पडतात. रोज कुंथून, खडा ढकलून त्या फुगतात आणि खाली सरकतात. कडक मल त्यांना घासून गेला की वरची पातळ त्वचा सोलवटते आणि ताजं, तांबडंभडक रक्त येतं. त्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसल्यामुळे दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि पहिल्या पायरीवरची मूळव्याध तिसऱ्या पायरीवर जाऊन पोचते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण कागद वापरत नाही, पाण्याने धुतो. रक्त पाण्याबरोबर वाहून जातं, बादली ओतली की भांडंही स्वच्छ. म्हणून एक सवय लावा : उठल्यावर आधी भांड्यात पाहा, मग पाणी ओता. धुऊन झाल्यावर पांढऱ्या सुती फडक्याने टिपा आणि फडकं उजेडात बघा. रक्त मलापासून वेगळं, भांड्याच्या कडेला शिंतोड्यांसारखं उडालंय, की मलावर एका बाजूने रेघ ओढल्यासारखं आहे, की मलात कालवल्यासारखं आहे, हे नीट पाहून ठेवा. शिंतोडे बहुधा मूळव्याधीचे असतात. रेघ आणि सोबत आग असेल तर बहुधा चिरेची, म्हणजे फिशरची. कालवलेलं रक्त आतड्यात वरून येत असू शकतं, त्याची तपासणी वेगळी. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, तेही आठवा; त्यानेही शौच लाल दिसतं. रक्त दिसेल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. डॉक्टरांना ‘अधूनमधून येतं’ सांगण्यापेक्षा ते कॅलेंडर दाखवलेलं बरं.

दाखवेपर्यंत आजपासून तीन गोष्टी करा. मागाच्या खात्यात उकाडा असतो, तेव्हा पाणी दिवसाला तीन-साडेतीन लिटर हवं. चहा त्यात धरायचा नाही. शिफ्टमध्ये कळ दाबून धरू नका. दाबलेला मल मोठ्या आतड्यात पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी खडा होतो. खाल्ल्या-प्यायल्यावर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, म्हणून रात्रपाळी असो वा दिवसपाळी, झोपून उठल्यावर आधी कोमट पाणी किंवा चहा, काहीतरी खाणं आणि मग संडास, हा क्रम मोडू नका. आणि आत पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. नाही झालं तर उठा, पुन्हा कळ आली की जा. मोबाइल बाहेर ठेवा. तो हातात असला की पाच मिनिटांची वीस कधी होतात कळत नाही, आणि तेवढा वेळ त्या गाद्या रक्ताने भरून खाली लोंबत राहतात.

प्रश्न : मी विड्या वळते. दिवसभर मांडी घालून बसणं. शौचाच्या वेळी मोड बाहेर येतो, उठलं की आत जातो. वर्ष झालं. हल्ली जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांपुढे कसं सांगायचं, लाज वाटते. (विडी घरकुल, कुंभारी)

ताई, आधी धाप. थोडं थोडं रक्त वर्षभर गेलं तरी अंगातलं लोह संपतं. हिमोग्लोबिनची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. बाईमाणसाचं १२ च्या खाली असलं की पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी, असं धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी होतील : शौच काळपट होईल, त्याला घाबरू नका, आणि पोट बांधलं जाईल, त्यासाठी इसबगोलही घ्या, फक्त गोळीपासून दोन तासांच्या अंतराने. नाहीतर गोळीने रक्त वाढवायचं आणि कुंथून ते पुन्हा घालवायचं, असं चालू राहतं. मात्र गोळ्या सुरू नसताना शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोडाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं रक्त. दुसरीत मोड बाहेर येतो आणि आपोआप जातो. तुमच्या सांगण्यावरून तुम्ही इथे आहात. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही जात नाही. दुसऱ्या पायरीवर बहुतेकांचं काम ऑपरेशनशिवाय होतं, तेव्हा वर्ष गेलं तरी अजून वेळ तुमच्या हातात आहे.

आता तपासणीचं. ती कशी असते हे माहीत नसल्यानेच जास्त भीती वाटते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात. अंगावर चादर असते, तपासायचा भाग तेवढाच उघडा. हातमोजा घालून, जेली लावून एका बोटाने तपासतात. मग बोटाएवढी एक नळी आत घालून बॅटरीच्या उजेडात बघतात. शौचाला लागल्यासारखं वाटतं, तोंडाने सावकाश श्वास सोडला की सैल पडतं. दोन-तीन मिनिटांत संपतं. बाई डॉक्टर हव्यात किंवा नर्सबाई जवळ हव्यात, असं खुशाल सांगा. तो तुमचा हक्क आहे. सिव्हिलला गेलात तर सर्जरीच्या ओपीडीचा केसपेपर काढा. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर तीन ओळी लिहून न्या : किती दिवस, रक्त किती वेळा, मोड आपोआप जातो की ढकलावा लागतो. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

बसून काम केल्यानेच हे झालं असं म्हणता येणार नाही. पण काम अडेल म्हणून पाणी कमी पिणं आणि कळ दाबणं, हे बसून काम करणाऱ्या बायकांमध्ये सर्रास दिसतं, आणि त्रास तिथून सुरू होतो. सुपाशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवा. दर तासाला उठा.

प्रश्न : वडिलांनी काल पोतं उचललं. रात्रीपासून गुदद्वारापाशी द्राक्षाएवढी निळसर, कडक गाठ आली आहे. बसवत नाही. (बार्शी)

ही बाहेरच्या बाजूची मूळव्याध, आत रक्ताची गुठळी झालेली. बाहेरच्या कातडीला भरपूर नसा आहेत, म्हणून इतकं दुखतं. पहिल्या तीन दिवसांत सर्जनला दाखवलं तर जागा बधिर करून गुठळी काढता येते आणि लगेच सुटल्यासारखं वाटतं. त्यानंतर दुखणं स्वतःच उतरणीला लागतं. मग कापण्यापेक्षा शेक, वेदनाशामक आणि मऊ शौच यावर भागवतात. घरी सुईने फोडू नका, ढकलून आत घालायचा प्रयत्नही नको. ही गाठ आत जाणारी नव्हे. दुखणं ठणकतं असेल, ताप आला असेल, जागा गरम-लाल असेल तर ते गळू असू शकतं. ते त्याच दिवशी दाखवायचं, रात्र काढायची नाही.

प्रश्न : मूळव्याधीसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद करा, असं सगळे सांगतात. सोलापुरात राहून खायचं तरी काय? (जुळे सोलापूर)

भाकरी बंद करू नका. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतो. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी जवळपास ५ ग्रॅम तंतू देते. मूळव्याधीच्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतो. भाकरी सोडून मैद्याचा पाव आणि नुसता भात धरला, की तंतू निम्म्याहून खाली येतो. कितीतरी जण ‘पथ्य’ म्हणून हेच करतात आणि त्रास वाढवून घेतात.

कडक भाकरी मात्र वाळलेली. तिच्यात पाणी नाही आणि चटणीही कोरडीच. तंतू पाणी धरून फुगतो तेव्हा शौच मऊ होतं. पाणी नसेल तर तोच तंतू आतड्यात बुचासारखा बसतो. म्हणून कडक भाकरी आमटीत, ताकात कुस्करून खा, वर तांब्याभर पाणी. सोबत रोज एक पालेभाजी आणि जेवणात मटकी-मुगाची उसळ ठेवा. मधल्या वेळी सालासकट एक पेरू. डाळिंब खायचं तर दाणे बियांसकट चावून खा. नुसत्या रसात तंतू फारसा उरत नाही.

तिखटाने मोड तयार होत नाहीत. पण चिर असेल तर तिखट खाल्ल्यावर शौचाच्या वेळी आग होते, ती खरी. म्हणून जखम भरेपर्यंत शेंगाचटणी बेताने, मग पुन्हा खा. घरोघरी सुरणाची भाजी सांगतात. आयुर्वेदात सुरणाचं नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, असं आहे आणि त्यात तंतूही चांगला, तेव्हा जरूर खा. फक्त रक्त पडत असताना तपासणीऐवजी सुरण नको.

जेवणातून तंतू पुरत नसेल तर इसबगोलाचं टरफल. पहिले चार-पाच दिवस रात्री एक चहाचा चमचा, मग दोन. एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा बंद करून ठेवतो. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, ठेवलं तर खळ होते. वर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकून घोट घेणं धोक्याचं, घशात अडकतं. इतर औषधांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि याची सवय लागत नाही. सोनामुखीच्या चूर्णाचं तसं नाही. ते आतड्याला चाबूक मारतं, रोज घ्यायचं औषध नव्हे. किडनी किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाणी किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

प्रश्न : वय ५८. मूळव्याध वीस वर्षांची, म्हणून रक्ताचं काही वाटत नाही. पण दीड महिन्यापासून रक्त गडद, मलात मिसळलेलं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. वजनही उतरलंय. जुनंच मलम लावू का? (मोहोळ)

नाही. हे जुनं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होत नाही असं नसतं, आणि मूळव्याधीचा कॅन्सर होत नसला तरी आतड्याच्या कॅन्सरचं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपून जातं. बदललेली शौचाची सवय, गडद मिसळलेलं रक्त, उतरलेलं वजन, शौचाला जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना : यातली एक गोष्ट असली तरी मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्यावी. तुम्हाला तीन आहेत. याच आठवड्यात जा. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तेही आवर्जून सांगा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : ‘एका दिवसात मूळव्याध मुळापासून बरी’ असा बोर्ड पाहिला. डॉक्टर मात्र रबर बँड सांगतात. कशावर भरवसा ठेवू? (सात रस्ता)

बोर्डवाल्याला एकच विचारा : नळी घालून तपासून कितवी पायरी आहे ते लिहून देणार का? न तपासता सुई टोचणारे किंवा जाळणारं औषध लावणारे असतात. त्याने मोड जळतो, सोबत चांगली कातडीही जळते, आणि भरताना गुदद्वार आवळतं. मग करंगळी जाणार नाही इतकी वाट अरुंद होते, आणि तिचं ऑपरेशन मूळच्या मोडापेक्षा अवघड. तज्ज्ञ वैद्यांकडचं क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याने मोड बांधणं, ही वेगळी, शिकून करायची गोष्ट आहे. तिला आणि याला एका पारड्यात घालू नका.

रबर बँड पहिल्या-दुसऱ्या आणि काही तिसऱ्या पायरीच्या मोडांना चालतो. मोडाच्या बुडाशी बारीक रबरी कडं बसवतात. वरच्या भागाला वेदना नसल्यामुळे भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. एक-दोन दिवस जड, शौचाला लागल्यासारखं वाटतं. पाच ते दहा दिवसांत मोड वाळून गळतो; तेव्हा थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. रक्त थांबेना, ताप आला, खूप दुखू लागलं किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी निघा. त्या पंधरवड्यात प्रवास आणि वजन उचलणं नको, शौच मऊ ठेवा.

प्रश्न : सातवा महिना आहे. मोड आलाय, आग होते. काय लावू? (होटगी रोड)

मलम तुमच्या डॉक्टरांनाच विचारून. दुकानातल्या काही मलमांत स्टिरॉइड असतं, ते कुणीच आठवड्यापेक्षा जास्त लावू नये. इसबगोल आणि पाणी चालतं. दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः शौचानंतर, टबात तीन-चार बोटं कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसा. कोपर बुडवून चटका लागला नाही की पाणी बरोबर. त्यात डेटॉल, मीठ काही नको, आग वाढते. उठताना कुणाचा तरी हात धरा आणि जागा चोळू नका, टिपून कोरडी करा. झोपताना डाव्या कुशीवर. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत हे बहुधा ओसरतं. दीड-दोन महिन्यांनीही मोड तसाच असेल, तर बाळाच्या लशीला जाल तेव्हा स्वतःचीही तपासणी उरकून घ्या.